३९९ मधले ६४ रुपये

पावसाळ्याआधी माळा आवरायला घेतला आणि दोन वस्तू खाली आल्या. एक खोका, ज्यात आमच्या मराठी टायपिंग शिकवणीच्या सीडीचे ३८ सीलबंद बॉक्स. आणि नानांची लाल कापडी बांधणीची वही. बॉक्सवरचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय. वहीला मात्र काही झालेलं नाही; नानांचं अक्षर आणि नानांची उधारी दोन्ही जशीच्या तशी.

नाना म्हणजे माझे वडील. सांगलीत गावभागात त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. चौदा मशिनं, त्यातली नऊ मराठी. खटखटीच्या आवाजात मी अभ्यास केला, त्यामुळे आजही फार शांतता असली की मला काम सुचत नाही. मशिनं विकून २००४ साली ते आणि आई पुण्यात माझ्याकडे आले. मी तेव्हा एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. घरी आल्यावर रात्री बसून मी नानांच्या धड्यांचं सॉफ्टवेअर केलं: तेच 'बोट कुठे ठेवायचं' पासून सुरू होणारे धडे, रेमिंग्टन कीबोर्ड (म्हणजे मराठी टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणी), शेवटी घड्याळ लावून परीक्षा. सव्वादोन वर्षं लागली. नोव्हेंबर २००६ मध्ये पहिले हजार बॉक्स बांधून तयार झाले. छापील किंमत ३९९ रुपये, सर्व करांसहित.

आता दुकानातून सॉफ्टवेअर विकणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलेलं नाही त्यांना वाटतं, मधले लोक मलई खातात. मलाही तसंच वाटायचं. म्हणून त्या वहीतले आकडे इथे मांडते. लाज वाटू नये इतके ते आता जुने झालेत.

डिस्ट्रिब्युटरला आम्ही छापील किमतीच्या निम्म्याला माल द्यायचो. म्हणजे १९९ रुपये ५० पैसे. तो दुकानदाराला ३५ टक्के सोडून द्यायचा. थोडक्यात ३९९ मधले साधारण १४० दुकानदाराचे, ६० डिस्ट्रिब्युटरचे. आमच्या वाट्याच्या १९९.५० मध्ये चार टक्के व्हॅट, तो काढला की उरले १९२. बॉक्सचा खर्च नानांनी पैशापर्यंत लिहिलाय: छापील सीडी ११, प्लॅस्टिकची डबी ६, पुठ्ठ्याचा बॉक्स १३, चोवीस पानी पुस्तिका ८, प्लॅस्टिकचं आवरण आणि भरण्याची मजुरी ४. एकूण ४२. वाहतूक, फोन, नानांचा एसटीचा प्रवास असे धरून बॉक्समागे आणखी ९.

१९२ वजा ५१, म्हणजे १४१. एक्सेलमध्ये मी हा आकडा ठळक केला होता. हजार बॉक्स, एक लाख एक्केचाळीस हजार. नोकरी सोडायला हरकत नाही, असं मी आईला म्हणाले होते. आई म्हणाली, "आधी येऊ देत."

सीडीच्या कारखान्यात हजारच्या खाली साचा लावून देत नसत; त्याहून कमी हव्या तर कोऱ्या सीडीवर एकेक कॉपी करून ('बर्न' करून) घ्या, ती महागही पडायची आणि दुकानदाराला तिच्याकडे बघताक्षणी कळायचं. म्हणून हजार. लोक विचारतात पहिल्या फटक्यात एवढे कशाला केलेत, तर कारण एवढंच, की शंभर करण्याचा पर्यायच नव्हता.

नाना बॅग घेऊन निघाले. पुण्यात आप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, कारण तिथे तेव्हा शालेय अभ्यासक्रमाच्या सीडी जोरात खपायच्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात एक डिस्ट्रिब्युटर, पुण्यात एक. कोल्हापूर, सातारा, नगर हे नाना स्वतः करायचे. सदुसष्टीला आलेला माणूस, पण टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेली माणसं प्रत्येक गावात कुणी ना कुणी भेटायची, त्यामुळे चहा कधी विकत प्यावा लागला नाही.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की दुकानदार माल विकत घेत नाही. तो जाकड ठेवून घेतो. जाकड हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. कापडवाल्यांकडे असायचा: पसंत पडलं तर पैसे, नाही तर कापड परत. आमचं बिल व्हायचं, चलन व्हायचं, व्हॅट आम्ही वेळच्या वेळी भरायचो, पण पैसे 'विकेल तसे'. साठ दिवसांची उधारी कागदावर. वहीत सरासरी काढली तर शंभर दिवसांच्या पुढे जाते. म्हणजे दुकानाच्या फळीवर जे बॉक्स होते ते आमच्या पैशाने तिथे बसले होते आणि दुकानदाराला फळीच्या जागेशिवाय काही खर्च नव्हता. यात त्याचं चुकत होतं असं मी आज म्हणणार नाही. ज्या फळीवर नवनीतचं गाइड आठवड्याला तीसदा विकलं जातं, तिथे महिन्याला दोन विकल्या जाणाऱ्या सीडीला त्याने जागा का द्यावी? जाकड ही त्या जागेची किंमत होती.

दुसरी गोष्ट स्कीम. दहावर एक फुकट. ती न दिल्यास बॉक्स मागच्या रांगेत जातो. नमुने धरून हजारातले शंभर असेच गेले.

तिसरी गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. वेष्टनबंद वस्तूवर किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-साल छापणं कायद्याने लागतं. तेलाच्या पिशवीला लागतं तसं सीडीच्या बॉक्सलाही. आम्ही छापलं 'नोव्हेंबर २००६'. जानेवारी उजाडला आणि चौकातल्या एका दुकानदाराने नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, गिऱ्हाईक म्हणतं हा मागच्या वर्षीचा माल आहे." टायपिंगचे धडे! 'अ' च्या जागी काय जानेवारीत दुसरं अक्षर येणार होतं? पण गिऱ्हाईकाच्या डोळ्यांनी बघा. पलीकडे अँटिव्हायरसचे बॉक्स मांडलेले, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात नवं साल. सॉफ्टवेअर म्हणजे दरवर्षी नवं, हे त्यांनी लोकांना शिकवून ठेवलं होतं. दोन महिन्यांत आमचा माल शिळा झाला.

आणि त्याच जानेवारीच्या ३० तारखेला विंडोज व्हिस्टा बाजारात आलं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये लायसनची फाईल मी 'प्रोग्राम फाइल्स' मध्येच लिहीत होते. आधीच्या विंडोज एक्सपीपर्यंत सगळे तेच करायचे. व्हिस्टाने ती फाईल तिथे न लिहिता गुपचूप त्या वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की साधं चालवताना भरलेलं लायसन दिसायचंच नाही, उलट 'कृपया सीडी विकत घ्या'. विकत घेतलेल्या माणसाला! दुरुस्ती अकरा ओळींची होती, एका रविवारी झाली. पण ती फळीवर पडलेल्या चारशेहून जास्त सीलबंद बॉक्समध्ये कशी घालायची? सीडीवर एकदा दाबलेली अक्षरं दगडावरची. आम्ही चिठ्ठ्या छापल्या, 'व्हिस्टासाठी या क्रमांकावर फोन करा', आणि नाना गावोगाव जाऊन त्या बॉक्सला बाहेरून चिकटवून आले. चिठ्ठी लावलेला बॉक्स मग कुणी घेईना. चिठ्ठी म्हणजे खोट, हे गिऱ्हाईकाला बरोबर कळतं.

हिशेब सांगते. हजारातले शंभर फुकट गेले. उरलेल्या नऊशेंपैकी २६० परत आले, कोपरे चेंबलेले, आवरण फाटलेले, एकदोन चक्क आतली सीडी नसलेले. विकले गेले ६४०. त्याचे १९२ प्रमाणे १,२२,८८०. त्यातले ३१,००० कधीच आले नाहीत. एक डिस्ट्रिब्युटर दुकानाची पाटी बदलून मोबाईल विकायला लागला आणि नानांचे फोन घेईनासा झाला. हाती आले ९१,८८०. खर्च बॉक्सचे ४२,००० आणि फिरण्याचे ९,०००. उरले ४०,८८०.

विकल्या गेलेल्या बॉक्समागे ६४ रुपये. ३९९ मधले ६४, आणि ते गोळा व्हायला एकोणीस महिने लागले. सव्वादोन वर्षं रात्री जागून लिहिलेल्या कोडची मजुरी यात धरलेली नाही.

बघा, दुकानदार-डिस्ट्रिब्युटरांचे निम्मे पैसे तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ते एक्सेलमध्ये होतेच. १४१ चे ६४ झाले ते कमिशनमुळे नाही. फुकट गेलेला, परत आलेला, बुडालेला आणि शिळा झालेला माल, यामुळे झाले. ही सगळी पुठ्ठ्याची दुखणी. सॉफ्टवेअरला ती मुळात असायलाच नकोत, पण डबीत घातलं की सॉफ्टवेअरला साबणाचे सगळे रोग होतात.

सरकारनेही त्याला साबणच मानलं होतं. २००४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात निकाल दिला, की तयार सॉफ्टवेअर सीडीसारख्या माध्यमावर घालून विकलं तर तो 'माल' आहे, विक्रीकर लागणार. २००६ च्या अर्थसंकल्पात तयार सॉफ्टवेअरवर आठ टक्के उत्पादन शुल्क आलं, दुकानातून विकलेल्या डबीबंद मालावर. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्याला मात्र सूट. तेच सॉफ्टवेअर, तोच प्रोग्रॅमर, रस्ता वेगळा म्हणून कर वेगळा. २००८ मध्ये आठाचे बारा झाले आणि सॉफ्टवेअरवर सेवाकरही आला. आमची उलाढाल लघुउद्योगाच्या सवलतीच्या कितीतरी खाली, त्यामुळे उत्पादन शुल्क आम्हाला शिवलं नाही. पण आमचे सदाशिव पेठेतले सीए दर फेब्रुवारीत फोन करून विचारायचे, "तुमचं ते नक्की काय आहे हो? वस्तू की सेवा?" मला अजून याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जीएसटी आल्यापासून दोन्हीकडे १८ टक्के, त्यामुळे त्यांनी विचारणं सोडलं.

परत आलेल्या २६० बॉक्सचं काय करायचं, यातून आमची थेट विक्री सुरू झाली. इंटरनेटवरून नव्हे. व्हीपीने.

ज्यांनी मासिकांतून पुस्तकं मागवली आहेत त्यांना व्हीपी सांगायला नको. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, पैसे घ्यायचा, पार्सल द्यायचा, आणि पार्सल पाठवणाऱ्याकडे ते पैसे मनीऑर्डरने जायचे. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून मिरवतात ते आपल्या आजोबांच्या काळापासून टपाल खात्यात होतं. नोकरीच्या जाहिराती येणाऱ्या एका साप्ताहिकात आम्ही चार ओळींची जाहिरात दिली. पुठ्ठ्याचा बॉक्स काढून टाकला, सीडी जाड पाकिटात, नवी व्हिस्टावाली. खर्च ४२ वरून १९ वर. किंमत २७५, टपालासहित. मनीऑर्डरचा दर तेव्हा दर २० रुपयांना एक रुपया, म्हणजे पाच टक्के. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीच्या) दोन टक्क्यांवर कुरकुरणाऱ्या तरुण मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवते.

शंभरातली अठरा पार्सलं परत यायची. 'घेणार गावी नाही', 'नाकारले'. जाण्यायेण्याचं टपाल आमच्या अंगावर. तरीही पंधरावीस दिवसांत पैसे हातात, आणि तेही बुडवायला मधे कुणी नाही. नाना वहीत 'येणे' चं पान रिकामं बघून अस्वस्थ व्हायचे.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट मनीऑर्डरच्या पावतीवर होती. नाव आणि पत्ता. ६४० बॉक्स दुकानातून गेले, त्यातला एकही माणूस कोण होता हे मला आजतागायत माहीत नाही. दुकानदाराने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी समजून चालले होते, की घेणारी मुलं कॉलेजातली. म्हणून बॉक्सवर हसरा मुलगा, आत धड्यांमध्ये फुगे फोडायचे खेळ. आणि पार्सलं कुठे चालली होती? तहसील कार्यालय, वसाहत. पंचायत समिती, निवासस्थान क्रमांक अमुक. नांदेड, गडचिरोली, परभणी. तिशी-पस्तिशीतले लिपिक, ज्यांना मिनिटाला मराठीचे ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४० असं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत द्यायचं होतं, नाहीतर नोकरीवर गदा. त्यांना फुगे नको होते. त्यांना परीक्षेत येतो तसा शासकीय पत्राचा उतारा हवा होता, तक्ता हवा होता, आणि चुका कशा मोजतात ते हवं होतं. पुढच्या आवृत्तीतून मी फुगे काढले आणि परिपत्रकांसारखे सात उतारे घातले. विक्री त्या वर्षी दुप्पट झाली. दुकानाच्या फळीवरून ही बातमी माझ्यापर्यंत यायला काही वाटच नव्हती.

मग वेबसाईट. २०१० साली. त्याची कथा कंटाळवाणी आहे, पण एक तपशील सांगण्यासारखा. सीडीवर प्रोग्रॅम २१० एमबीचा होता, कारण नानांच्या आवाजातल्या सूचना मी कुठेही न दाबता भरल्या होत्या. शिवाय दुकानाच्या काळात एकाने सल्लाच दिला होता: "ताई, दोन सीडी टाका, हातात जड लागलं पाहिजे." दुकानात जड असणं हा गुण. पण २५६ केबीपीएसच्या ब्रॉडबँडवर २१० एमबी उतरायला पावणेदोन तासांच्या वर लागायचे, आणि परभणीत तेवढा वेळ वीज टिकेल याची खात्री नव्हती. आवाज काढून मी तो १८ एमबीवर आणला. नऊ-दहा मिनिटं. नाना आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

कार्डाने पैसे घेण्याची तऱ्हा वेगळी. गेटवेवाल्याने सेटअपचे साडेसात हजार आधी घेतले, शिवाय दर व्यवहाराला पाच टक्के. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डाला दुसरा पासवर्ड सक्तीचा केला होता. नियम चांगलाच, पण निम्मी माणसं त्या पानावर येऊन हरवायची. मग ती फोन करायची, मी खाते क्रमांक द्यायचे, ती स्टेट बँकेत रांगेत उभी राहून पैसे भरायची. खरं सांगायचं तर आमची वेबसाईट २०१६ पर्यंत एक लांबलचक फोन नंबर होती. यूपीआय आलं, नोटाबंदी झाली, आणि गडचिरोलीचा लिपिक रात्री अकरा वाजता क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देऊ लागला तेव्हा कुठे ते दुकान झालं.

अमेरिकेत हेच सगळं आमच्या आधी होऊन गेलं होतं. १९८३ मध्ये बॉब वॉलेस नावाच्या माणसाने पीसी-राईट हा वर्ड प्रोसेसर काढला आणि लोकांना सांगितलं, की खुशाल कॉपी करा. आवडला तर ७५ डॉलर पाठवा. आणि तुमच्या कॉपीवरून दुसऱ्या कुणी पैसे भरले तर २५ डॉलर तुम्हाला. कॉपी करणाऱ्यालाच दुकानदार करून टाकलं त्याने! मी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर माझीच सीडी तीस रुपयांना विकत घेतली होती तेव्हा मला फक्त रडू आलं होतं. ही युक्ती सुचली नव्हती. तिकडे सॉफ्टवेअरच विकणारी एगहेड नावाची मोठी दुकानसाखळी होती, तिने १९९८ मध्ये सगळी दुकानं बंद करून विक्री इंटरनेटवर नेली. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं, की मुख्य प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आता डबीत नाहीत, फक्त भाड्याने. आणि मोबाईलच्या अ‍ॅप स्टोअरने पुन्हा दुकानदार आणला, तीस टक्केवाला. २०२१ पासून लहान धंद्यांना पंधरा. फरक एवढाच, की तो महिन्याच्या महिन्याला पैसे देतो, माल फाटून परत करत नाही आणि पाटी बदलून पळत नाही. त्या तीस टक्क्यांवर जगभर भांडण आहे. मी भांडणात नाही, कारण बोटं नीट ठेवून टायपिंग मोबाईलवर शिकवता येत नाही. पण ६४ रुपये बघितलेल्या बाईला तीस टक्के फार वाटत नाहीत, हे आपलं नोंदवून ठेवते.

आता आजचा हिशेब, आणि हाच मला वही बघेपर्यंत दिसला नव्हता.

आज किंमत ५९०. त्यात ९० जीएसटी, म्हणजे माझे ५००. गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा कर, १४. राहिले ४८६. माल नाही, वाहतूक नाही, उधारी नाही. पैसे दोन दिवसांत खात्यात. ४८६ बघून कुणालाही वाटेल, वा!

पण गेल्या आर्थिक वर्षात ११४० विक्रीसाठी मी जाहिरातींवर १,२५,४०० खर्च केले. विक्रीमागे ११० रुपये. हे न केल्यास कुणाला कळतच नाही आपण आहोत. फळी फुकट होती ती चौकात, इंटरनेटवर फळीचं भाडं दर क्लिकला आहे. आणि एक मुलगी अर्धवेळ फोन घेते. महिना १४,०००, वर्षाचे १,६८,०००, विक्रीमागे १४७. ती दिवसभर काय सांगते? "डाव्या बाजूला खाली बघा. हो, तेच. त्यावर क्लिक." "फॉन्ट नाही दिसत? कीबोर्ड बदललाय का तुम्ही?" "पैसे गेले पण कोड आला नाही? स्क्रीनशॉट पाठवा." सर्व्हरचे वगैरे २०. राहतात २०९.

जाहिरात आणि फोन मिळून २५७. पाचशेतले निम्मे आणि वर सात.

म्हणजे २००६ मध्ये निम्मी किंमत गिऱ्हाईकापर्यंत पोचण्यात जात होती आणि आजही निम्मीच जाते. तेव्हा ती ज्यांना जायची त्यांच्याकडे मी तावातावाने बघायचे. पण चौकातला तो दुकानदार संध्याकाळी सहाच्या गर्दीत माझा बॉक्स हातात घेऊन कुणाला तरी सांगायचा, "मराठी टायपिंग ना? हे घ्या, सांगलीच्या जुन्या सरांचं आहे." हे वाक्य आज मला ११० रुपयांना पडतं आणि ते इतकं चांगलं नसतं. इन्स्टॉल झालं नाही तर माणूस त्याच्याकडेच परत जायचा. त्याचा मुलगा करून द्यायचा. ते १४७. ही दोन्ही कामं मिळून आज २५७, आणि छापील किंमत तेव्हाच्या दीडपट झाली आहे हे धरलं तर दुकानदार फार महाग नव्हता. त्याच्याशी माझं जे वाजलं ते मालावरून. माणूस बरा होता.

हे मी हिशेब मांडल्यावर म्हणते आहे, आठवणींनी गहिवरून नाही. कारण याला ताजा पुरावा आहे. दीड वर्षापूर्वी लातूरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्या सरांचा फोन आला. त्यांच्याकडे संगणक टंकलेखनाच्या परीक्षेला बसणारी मुलं असतात. वीस लायसन एकदम हवी होती. "मॅडम, आम्हाला काय मार्जिन?" हा शब्द मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. पाचशेवर पंचवीस टक्के सांगितले, पैसे आगाऊ. त्यांनी तिथल्या तिथे पाठवले. १२५ त्यांना गेले, पण जाहिरात शून्य, आणि फोन जवळजवळ शून्य, कारण शिकवणारा माणूस समोर उभा. सर्व्हरचे २० आणि फोनचे फार तर २० धरून मला एका लायसनमागे ३३५ सुटले. इंटरनेटवरून थेट विकल्यावर सुटतात २०९.

मधल्या माणसाला पंचवीस टक्के देऊन मला सव्वाशे रुपये जास्त. मी तीनदा तपासलं.

आता असे एकोणतीस सर आणि मॅडम आहेत. बार्शी, हिंगोली, चिपळूण, अंबाजोगाई. त्यांची मागणी एकच, की मुलाच्या हातात द्यायला काहीतरी हवं. साडेपाचशे-सहाशे रुपये घेऊन एसएमएस दाखवला तर पालक संशयाने बघतात. म्हणून आतमध्ये फक्त स्क्रॅच कोडचं कार्ड असलेला छोटा बॉक्स छापायचं ठरवलंय, अँटिव्हायरसवाले करत आले आहेत तसा. छपाई सहा रुपये. पैसे आल्यावरच कोड चालू होतो, त्यामुळे न विकलेला बॉक्स फाटला, भिजला, उंदराने खाल्ला तरी नुकसान सहाच रुपयांचं. व्हिस्टासारखं काही आलं तर कार्डाला काही होत नाही, प्रोग्रॅम इकडे दुरुस्त होतो. बॉक्समधून सीडी काढून टाकली आणि बॉक्स एकदम शहाणा झाला.

छापखान्याचं प्रूफ काल नानांना दाखवलं. आता त्यांचं वय पंच्याऐंशी, वाचायला भिंग लागतं, पण प्रूफ तपासायची खुमखुमी तीच. 'शिकवणी' तली पहिली वेलांटी दीर्घ झाली होती, ती पकडली. किंमत बघितली, 'पाचशे नव्वद?' म्हणून भुवया वर केल्या. मग भिंग खालच्या कोपऱ्यात नेलं.

"महिना कुठला टाकलायस?"

"या महिन्याचाच. छापावा लागतो, नाना. कायदा आहे."

"कायदा मला शिकवू नकोस. तीनशे कशाला छापतेस आत्ता? पन्नास छाप, गरजेपुरते." भिंग खाली ठेवून ते माळ्यावरून आलेल्या त्या अडतीस बॉक्सकडे बघत म्हणाले, "बाकीचे जानेवारीत."